यिन-यांग चिन्ह : वय, वंशावळ आणि अर्थ

चिनी तत्त्वज्ञानांतील यिन आणि यांग या द्वंद्वाचें दर्शक म्हणून जें वर्तुळाकार चिन्ह जगभर ओळखलें जातें, त्याचें वर्णन करण्याची वास्तविक गरज नाहीं. तथापि पुढील विवेचन त्याच्या अवयवांवरच अवलंबून असल्यामुळें ते एकदां मोजून ठेवणें बरें. एक वर्तुळ, त्याच्या आंत नागमोडी रेषेनें पाडलेले दोन सारखे भाग, एक काळा व एक पांढरा, काळ्याच्या पोटांत एक पांढरा ठिपका आणि पांढऱ्याच्या पोटांत एक काळा. या दोन भागांस चिनी लोक यिन-यांग मासे म्हणतात आणि ठिपक्यांस त्या माशांचे डोळे समजतात.

या चिन्हाबरोबर दोन विधानें नेहमीं चालत आलेलीं दिसतात. पहिलें त्याच्या अर्थाविषयीं : विश्वांत दोन विरोधी तत्त्वें समान बळानें नांदतात आणि प्रत्येकांत दुसऱ्याचें बीज असतें. दुसरें त्याच्या वयाविषयीं : हें चिन्ह लाओ-त्झू, कन्फ्यूशियस, किंबहुना पौराणिक राजा फू-शी याच्या काळापासून चालत आलें आहे. यांपैकीं दुसरें विधान निराधार आणि पहिलें अपुरें आहे, असें आमचें मत आहे; आणि दुसऱ्याची छाननी केल्यावांचून पहिल्याचा उलगडा होत नाहीं, हें या लेखांत दाखवावयाचें आहे.

जुन्या पोथ्यांशीं ज्यांचा नित्य संबंध येतो त्यांस हें सांगावयास नको कीं, मजकुराचें वय, हातांतील प्रतीचें वय आणि त्या प्रतीवर मागाहून कोणीं घातलेल्या मथळ्याचें वय हीं तीन निरनिराळीं असतात. पोथीच्या बाबतींत जो विवेक आपण सहज करतों तो चित्राच्या बाबतींत मात्र सुटतो. म्हणून आम्ही येथें शब्द, सिद्धांत आणि आकृति हीं तिन्ही वेगळीं काढून एकेकाचा काळ पाहूं.

१. शब्द

यिन आणि यांग हे प्रथम तत्त्ववाचक शब्द नव्हते. ते जमिनीचे शब्द होते. डोंगराचें उन्हाचें अंग तें यांग, सावलीचें अंग तें यिन. उत्तर गोलार्धांत डोंगराची दक्षिण बाजू उन्हांत असते, म्हणून ती यांग. नदीच्या बाबतींत उलट, उत्तर तीर यांग व दक्षिण तीर यिन. शू शेन याचा इ. स. १०० च्या सुमारास पुरा झालेला प्रसिद्ध शब्दकोश यिन शब्दाचा अर्थ याच रीतीनें देतो. ही व्यवस्था चीनच्या गांवांच्या नांवांत अद्यापि जिवंत आहे. लो नदीच्या उत्तरेस वसलेलें तें लो-यांग. हुआ पर्वताच्या उत्तरेस, म्हणजे सावलीस, वसलेलें तें हुआ-यिन. यांग्त्से नदीच्या दक्षिण तीरावरील तें च्यांग-यिन.

या मूळ अर्थांत एक गोष्ट ध्यानांत धरण्याजोगी आहे. ऊन आणि सावली हीं दोन द्रव्यें नव्हेत. डोंगर एकच, सूर्य जसा फिरतो तसें ऊन सरतें आणि सावली तेथें येते. पुढें सिद्धांत पुष्कळ वाढला, तरी हें सरकतेपण त्यानें कधीं सोडलें नाहीं.

२. सिद्धांत

शब्द तत्त्ववाचक कसे झाले याचे टप्पे ग्रंथांतून लावितां येतात. त्सो-च्वान या इतिहासग्रंथांत इ. स. पू. ५४१ च्या प्रकरणीं, च्छिन राज्यांतून आलेला हो नांवाचा एक वैद्य च्छिनच्या शेजारच्या चिन राज्याच्या आजारी अधिपतीस रोगांचीं कारणें सांगतो. त्याच्या मतें आकाशाचे वायु सहा : यिन, यांग, वारा, पाऊस, अंधार आणि उजेड. म्हणजे ज्या द्वंद्वांत पुढें सर्व विश्व सांठविलें गेलें तें येथें सहांपैकीं केवळ दोन आहे. यिन वाढल्यास थंडीचे विकार, यांग वाढल्यास उष्णतेचे, इतकेंच. ग्रंथाची रचना या प्रसंगानंतर बरीच उशीरां झाली हें गृहीत धरलें, तरी त्या रचनेच्या वेळींही ही सहांची गणना टिकून होती, हें महत्त्वाचें आहे.

यी-चिंग या ग्रंथाविषयींचा समज तर याहून अधिक ढोबळ आहे. यिन-यांग सिद्धांत यी-चिंगमध्यें आहे असें सर्रास सांगितलें जातें. त्या ग्रंथाचा मूळ भाग म्हणजे चौसष्ट षड्रेखाकृति आणि त्यांवरील शकुनवाक्यें. त्या भागांत यिन-यांग ही जोडी नाहीं. यिन हा शब्द एकदांच येतो आणि तोही सावलींत ओरडणाऱ्या करकोच्याच्या वर्णनांत, अगदीं साध्या अर्थानें. जोडीचें तत्त्वज्ञान आहे तें मागाहून जोडलेल्या परिशिष्टांत, त्यांतही विशेषेंकरून 'शी-त्सु' नांवाच्या परिशिष्टांत. एक यिन व एक यांग यांच्या आळीपाळीस 'ताओ' हें नांव देणारें सूत्र तेथलेंच. ताइ-चीपासून दोन, दोनांपासून चार व चारांपासून आठ त्रिरेखाकृति निघाल्या ही उत्पत्तिही तेथलीच. 'ची' या शब्दाचा मूळ अर्थ घराच्या छपराचें आढें. तेव्हां ताइ-ची म्हणजे महा-आढें, ज्यापासून दोन्ही पाखीं दोहों अंगांस उतरतात तें.

या सूत्राविषयीं १९७३ सालीं एक मोठा शोध लागला. छांग-शा शहराजवळ मा-वांग-त्वेइ येथें इ. स. पू. १६८ मध्यें बंद झालेल्या एका थडग्यांत रेशमावर लिहिलेल्या पोथ्या सांपडल्या. त्यांत यी-चिंग असून षड्रेखाकृतींचा क्रम रूढ क्रमाहून निराळा आहे. शी-त्सु परिशिष्टही आहे, आणि रूढ पाठांत जेथें ताइ-ची आहे तेथें त्या पोथींत 'महा-नित्य' अशा अर्थाचा दुसरा शब्द आहे. ज्या शब्दावर पुढील बाराशें वर्षांचें तत्त्वज्ञान आणि या चिन्हाचें नांव उभें राहिलें, तोच शब्द उपलब्ध अशा अत्यंत जुन्या प्रतींत नाहीं. मूळ पाठ कोणता याचा निर्णय एका प्रतीवरून होत नाहीं. परंतु हान काळाच्या आरंभीं हा पाठ स्थिर झालेला नव्हता, इतकें तरी निश्चित होतें. १९९३ सालीं कुओ-त्येन येथें सांपडलेल्या, इ. स. पू. ३०० च्या सुमाराच्या बांबूपट्ट्यांवर आणखी एक निराळीच उत्पत्ति आहे. तींत आरंभीं 'परम एक' व त्यापासून पाणी. यिन-यांग बरेच खालीं येतात आणि त्यांच्यानंतर ऋतु, थंडी-ऊन, ओल-कोरड असें करीत शेवटीं वर्ष पुरें होतें.

समतेच्या अर्थाविषयींही येथेंच बोललेलें बरें. हान काळांतील तुंग चुंग-शू यांच्या उपदेशांत यांग श्रेष्ठ असून यिन त्याचें साहाय्यक आहे. राजा, बाप, नवरा हे यांग. सेवक, मुलगा, बायको हीं यिन. यांग म्हणजे कृपा, यिन म्हणजे दंड. आणि आकाश कृपेच्या बाजूचें आहे असें त्यांचें प्रतिपादन आहे. हें मत राजमान्य परंपरेंत दोन हजार वर्षें रुजून राहिलें आणि चिनी कुटुंबांतील स्त्रियांचें स्थान त्याच्याच आधारानें ठरविलें गेलें. दोहोंची समता दाखविणारें म्हणून ज्या चिन्हाची आज वाखाणणी होते, त्याच्या मागील सिद्धांताचा हा इतिहास झांकून ठेवणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं.

३. पहिली आकृति

वर सांगितलेल्या सर्व ग्रंथांत आकृति कोठेंही नाहीं. 'ताइ-ची-थू', म्हणजे ताइ-चीचें चित्र, या नांवाची जी आकृति तत्त्वज्ञानाच्या इतिहासांत प्रथम मान्यता पावली ती सुंग काळांतील चौ तुन-यी (१०१७–१०७३) यांची. तींत मासे नाहींत. वर एक रिकामें वर्तुळ. त्याखालीं अर्धीं काळीं व अर्धीं पांढरीं अशीं एकांत एक कडीं. त्याखालीं पंचतत्त्वांचीं जोडलेलीं पांच लहान वर्तुळें. आणि तळाशीं आणखी दोन रिकामीं वर्तुळें. वरून खालीं वाचीत गेल्यास विश्वाची उत्पत्ति कळते. सोबत सुमारें अडीचशें अक्षरांचें विवरण आहे. चळवळ शिगेस पोंचली कीं स्थिरता येते, स्थिरता शिगेस पोंचली कीं पुन्हा चळवळ सुरू होते, हा त्याचा गाभा.

या लहानशा विवरणाच्या पहिल्याच वाक्यावरून जो वाद झाला तो पाठभेदांचें मोल जाणणाऱ्यांनीं अवश्य लक्षांत घ्यावा. चू शी (११३०–१२००) यांच्या पाठाप्रमाणें त्या वाक्यांत 'वू-ची', म्हणजे निरवधि, आणि ताइ-ची हे दोन शब्द एकाच अव्ययानें जोडलेले आहेत. अर्थ असा कीं, जें निरवधि तेंच महा-आढें. परंतु हुंग माइ यांच्या हाताखालीं तयार होत असलेल्या राजकीय इतिहासांत, ११८८ सालीं चू शी यांच्या दृष्टीस पडलेल्या पाठांत, दोन अक्षरें अधिक होतीं आणि अर्थ 'निरवधीपासून ताइ-ची होतें' असा होत होता. दोन अक्षरांनीं सर्व दर्शन पालटतें. एका पाठांत आदितत्त्व एकच. दुसऱ्यांत शून्य अगोदर आणि सत् मागाहून, म्हणजे ताओमार्गीयांचा सिद्धांत. चू शी यांनीं तीं अक्षरें काढावीं म्हणून आग्रह धरिला, आणि १३४५ सालीं पुऱ्या झालेल्या सुंग राजवंशाच्या इतिहासांत चू शी यांचाच पाठ आहे.

त्यांचे समकालीन लू च्यू-युआन यांनीं याहून खोल घाव घातला. वू-ची हा शब्द कन्फ्यूशियसच्या परंपरेंतील ग्रंथांत नाहीं. चौ तुन-यी यांच्या दुसऱ्या ग्रंथांतही नाहीं. तेव्हां हें विवरण एक तर त्यांचें नसावें, किंवा त्यांच्या अपक्व वयांतील असावें, असें त्यांनीं पत्रांतून प्रतिपादिलें. कर्तृत्वनिर्णयाची हीच रीति आपण आजही वापरतों. वाद मिटला नाहीं; पण १३१३ च्या राजाज्ञेनें चू शी यांचीं भाष्यें सरकारी परीक्षांस प्रमाण ठरलीं व १९०५ मध्यें त्या परीक्षा बंद होईपर्यंत तीं प्रमाण राहिलीं. मताचा जय पुराव्यानें झाला कीं परीक्षेनें, हा प्रश्न वाचकांनींच स्वतःस विचारावा.

४. वंशावळ आणि तिचे परीक्षक

चौ तुन-यी यांस ही आकृति कोठून मिळाली? चू चेन (१०७२–११३८) यांनीं एक वंशावळ दिली आहे. ताओमार्गी सिद्ध छन थुआन (मृत्यु ९८९) यांजपासून शिष्यपरंपरेनें ती मू शिउ यांजकडे आली आणि मू शिउ यांनीं ती चौ तुन-यी यांस दिली. मू शिउ १०३२ सालीं वारले. त्या वेळीं चौ तुन-यी पंधरा वर्षांचे होते. देणें अशक्य नव्हे; पण अशा वयाच्या मुलास एवढी गुप्त विद्या दिल्याचें सांगणारा साक्षीदार शंभर वर्षांनंतरचा आहे, आणि समकालीन पुराव्याची जोड त्यास नाहीं.

सतराव्या शतकांत या वंशावळीची परीक्षा करणारे पंडित निघाले. हुआंग त्सुंग-येन (१६१६–१६८६) यांचें म्हणणें असें कीं, ही आकृति मुळांत ताओमार्गीयांच्या देहसाधनेची असून छन थुआन यांनीं ती हुआ पर्वतावर कोरविली होती. ती खालून वर वाचावयाची होती, आणि चौ तुन-यी यांनीं ती वरून खालीं वाचून साधनेचें चित्र सृष्टिक्रमाचें केलें. माओ छी-लिंग (१६२३–१७१६) यांनीं काळ्या-पांढऱ्या कड्यांचा संबंध बौद्ध आचार्य त्सुंग-मी (७८०–८४१) यांच्या आकृतींशीं लाविला. त्या आकृति आलयविज्ञानाच्या, म्हणजे आपल्याकडील योगाचार पंथाच्या संज्ञेच्या विवरणार्थ काढलेल्या आहेत. हीं सर्व अनुमानें सिद्ध झालीं असें नव्हे. अलीकडील अभ्यासकांत त्यांविषयीं मतभेद आहेत. परंतु ज्या आकृतीवर राजमान्य मत उभें होतें तिची हस्तांतरणाची सांखळी कडी-कडी करून तपासण्याचें धैर्य या पंडितांनीं दाखविलें, ही गोष्ट कोणत्याही देशांतील संशोधकांस भूषणावह वाटावी अशीच आहे.

५. माशांची आकृति

आतां आपलें प्रस्तुतचें चिन्ह. ग्रंथांत तें खात्रीनें दिसतें तें चाओ हुइ-छ्येन (१३५१–१३९५) यांच्या अक्षरविद्येवरील ग्रंथांत, म्हणजे मिंग राजवंशाच्या आरंभीं. फ्रांस्वा लुई यांनीं २००३ सालीं प्रसिद्ध केलेल्या विस्तृत निबंधांतही चिन्हाचा आरंभ येथेंच धरिला आहे. म्हणजे शी-त्सु परिशिष्टाचा काळ अगदीं अलीकडचा धरला तरी सिद्धांत आणि चिन्ह यांत दीड हजार वर्षांहून अधिक अंतर पडतें. लाओ-त्झूचें नांव घेऊन हें चिन्ह दाखविणें म्हणजे अशोकाच्या चरित्रास मोडी सनद जोडण्यासारखें आहे.

त्याहून विशेष हें कीं, चाओ हुइ-छ्येन यांनीं या आकृतीस ताइ-चीचें चित्र म्हटलेलेंच नाहीं. त्यांनीं दिलेलें नांव 'आकाश-पृथ्वीचें स्वाभाविक नदीचित्र' अशा अर्थाचें आहे; पुराणांतरीं नदींतून फू-शीसमोर जें चित्र प्रगट झालें व ज्यावरून लिपीचा उगम झाला, तें हें, असा त्यांचा अभिप्राय. म्हणूनच अक्षरविद्येच्या ग्रंथांत तें आलें. आकृतीची कथाही ते सांगतात : त्साइ युआन-तिंग (११३५–११९८) यांस ती शू प्रांतांतील एका एकांतवासी पुरुषाकडून मिळाली, त्यांनीं ती इतकी गुप्त ठेविली कीं त्यांचे स्नेही चू शी यांनींही ती पाहिली नाहीं. युआन च्युए (१२६६–१३२७) यांनींही त्साइ यांस शू प्रांतांत तीन चित्रें मिळाल्याचें लिहिलें आहे, आणि हू वेइ (१६३३–१७१४) यांनीं त्या तिहींपैकीं एक हीच असली पाहिजे असा तर्क केला.

संग्राहकांस ही कथा ओळखीची वाटेल. दूरचा प्रांत, अनाम सिद्ध, कोणासही न दाखविलेली वस्तु, आणि थोर समकालीनानेंही ती पाहिली नाहीं याचा आगाऊ खुलासा. चू शी यांच्या अफाट लिखाणांत या आकृतीचा उल्लेख कां नाहीं, या अडचणीचें उत्तर कथेंतच बसविलेलें आहे. कथा खोटीच असें आम्ही म्हणत नाहीं. पण तिच्यावरून आकृति बाराव्या शतकांत नेणें म्हणजे विक्रेत्याच्या शब्दावर पोथीचा काळ ठरविणें होय.

पुढें मिंग काळाच्या उत्तरार्धांत चाओ चुंग-छुआन आणि चांग हुआंग (१५२७–१६०८) यांच्या ग्रंथांत हीच आकृति 'प्राचीन ताइ-ची-थू' या नांवानें येते. 'प्राचीन' हें विशेषण येथें कां लागलें हें उघड आहे : चौ तुन-यी यांची आकृति त्या नांवानें अगोदरच प्रसिद्ध होती. जी मागाहून आली तिला अगोदरचीपेक्षां जुनी म्हणवून घ्यावें लागलें. त्याच सुमारास लाइ ची-ते (मृत्यु १६०४) यांनीं आपली स्वतंत्र आकृति काढली. तींत काळा व पांढरा पट्टा मध्याच्या एका रिकाम्या वर्तुळाभोंवतीं फिरतात आणि डोळे मुळींच नाहींत. यावरून डोळे हा त्या काळीं आकृतीचा अनिवार्य अवयव समजला जात नव्हता, हेंही दिसून येतें.

६. आकृतीचें वाचन

मग या आकृतीचा अर्थ काय? हू वेइ यांनीं १७०६ सालच्या आपल्या ग्रंथांत आकृतीसह तिचें जुनें विवरण जपून ठेविलें आहे, आणि आमच्या मतें अर्थाची किल्ली तेथें आहे. ही आकृति एकटी नव्हती. तिच्या भोंवतीं आठ दिशांस आठ त्रिरेखाकृति होत्या. चिनी रीतीप्रमाणें दक्षिण वर. अखंड रेघ ती यांग, तुटलेली ती यिन. वर्तुळाच्या त्या त्या दिशेस काळ्या-पांढऱ्याचें प्रमाण तेथील तीन रेघांशीं जुळतें. उत्तरेस सर्व काळें, कारण तिन्ही रेघा तुटलेल्या. ईशान्येस एक वांटा पांढरा, दोन काळे. आग्नेयेस दोन पांढरे, एक काळा. दक्षिणेस सर्व पांढरें. पुढें नैर्ऋत्येस काळा पुन्हा शिरतो, वायव्येस दोन वांटे होतो आणि उत्तरेस पूर्ण. उत्तर म्हणजे मध्यरात्र व हिवाळा, दक्षिण म्हणजे मध्यान्ह व उन्हाळा. म्हणजे ती नागमोडी रेघ शोभेची नव्हे. वर्षभराच्या वाढ-घटीचें तें कोष्टक आहे, आंकड्यांऐवजीं रंगांनीं मांडलेलें.

राहिल्या पूर्व आणि पश्चिम. तेथील 'ली' आणि 'खान' या त्रिरेखाकृति, अग्नि आणि जल, या क्रमांत बसत नाहींत, कारण एकींत दोन अखंड रेघांच्या मध्यें तुटलेली रेघ आहे आणि दुसरींत त्याच्या उलट. क्रमानें वाढणाऱ्या पट्ट्यांत मधलीच रेघ वेगळी कशी दाखवावी? ती दाखविली ठिपक्यानें. विवरण सांगतें कीं, या दोन दिशांस समोरच्या बाजूचा ठिपका घेऊन मधली रेघ समजावी. युक्ति ओढाताणीची आहे. पण तिच्यावरून ठिपक्याचें जन्मकारण कळतें. जुन्या किमयाग्रंथांच्या परंपरेंतही हेंच दिसतें. तेथें सहा त्रिरेखाकृति चंद्राच्या वाढत्या-घटत्या कलांस लाविल्या आहेत, आणि ली व खान या सूर्य-चंद्रस्वरूप मानून मध्यभागीं ठेविल्या आहेत. हू वेइ यांनीं माशांच्या आकृतीचा उगम याच परंपरेंत शोधिला. म्हणजे 'प्रत्येकांत दुसऱ्याचें बीज' हा लोकप्रिय अर्थ ठिपक्यावर नंतर बसला. आरंभीं ठिपका ही कोष्टकांतील एक अडलेली जागा भरण्याची सोय होती. भोंवतालच्या आठ आकृति गळून पडल्या, वाचनाची रीति विसरली, आणि उरलेल्या रंगांवर ज्यानें त्यानें आपला अर्थ चढविला.

७. प्रचलित अर्थांची परीक्षा

या वाचनाच्या उजेडांत प्रचलित अर्थ तपासून पाहूं. चांगलें आणि वाईट हा अर्थ तर अगदींच चुकीचा; हिवाळा वाईट नव्हे. समता हा अर्थ अर्धवट खरा. वर्षाच्या हिशेबांत दोहोंचे वांटे सारखे भरतात. परंतु कोणत्याही एका दिशेस, कोणत्याही एका क्षणीं, तीं समान नसतात, एक चढत असतें व दुसरें उतरत असतें. समतेपेक्षां पाळी हा शब्द येथें अधिक योग्य आहे.

आपल्याकडे पुरुष-प्रकृति हीं यांग-यिनचींच भारतीय रूपें असें पुष्कळदां म्हटलें जातें. सांख्यांचा पुरुष निष्क्रिय व चेतन, प्रकृति क्रियाशील व जड. चीनमध्यें क्रिया यांगकडे आणि चेतन-जड हा भेदच या जोडींत नाहीं. सांख्यांचें ध्येय पुरुषाचें प्रकृतीपासून वेगळें होणें. यिनपासून सुटलेला यांग ही कल्पना चिनी विचारास रोगाची वाटेल. शिवाय याविषयीं एक लेखी साक्षही आहे. उज्जयिनीचे परमार्थ (४९९–५६९) यांनीं सांख्यकारिका टीकेसह चिनी भाषेंत उतरविली. यिन आणि यांग हे शब्द त्यांच्या हाताशीं तयार होते. त्यांनीं ते वापरले नाहींत. प्रकृतीस स्वभावार्थी आणि पुरुषास आत्मार्थी शब्द योजिले. दोन्ही भाषा जाणणाऱ्या भाषांतरकारानें जें साम्य मानलें नाहीं तें केवळ चित्र पाहून आपण मानूं नये. तुलनाच करावयाची तर शुक्ल आणि कृष्ण पक्षांची करावी. तींत पाळी आहे, वाढ-घट आहे, आणि चंद्र एकच आहे.

८. सारखी आकृति, वेगळा अर्थ

या चिन्हाच्या प्राचीनत्वासाठीं परदेशचे दाखले दिले जातात. रोमन साम्राज्याच्या अधिकाऱ्यांची व पलटणींची जी यादी इ. स. ४०० च्या सुमारास झाली, तिच्या चित्रांत एका पलटणीच्या ढालीवर जवळजवळ हेंच रूप आहे. परंतु ती यादी आपल्याजवळ आहे ती पंधराव्या शतकांतील व नंतरच्या नकलांत. त्या ज्या पोथीवरून झाल्या ती श्पायर येथील पोथी हरवलेली आहे. ढालीच्या चित्रास तत्त्वज्ञानाचा आधार नाहीं, आणि चीनशीं संबंधही दाखवितां येत नाहीं. कोरियांत ग्यंगजूजवळील कामुन-सा या ६८२ सालच्या मंदिराच्या पायाच्या दगडावर वळणाऱ्या दोन भागांचें वर्तुळ कोरलेलें आहे. हा दाखला अधिक मोलाचा, कारण तो चाओ हुइ-छ्येन यांच्या आधीं सात शतकांचा आहे. पण त्या दगडावरून रूपाचें वय कळतें. सातव्या शतकांत त्यास कोणता अर्थ होता हें कळत नाहीं. दोन पाकळ्या वर्तुळांत फिरविणें हें कोणत्याही कारागिराच्या हातास सहज सुचणारें काम आहे.

अर्थ कसा बदलतो याचा उत्तम दाखला मंगोलियाचा आहे. झानाबझार यानें १६८६ मध्यें रचिलेल्या लिपींतील सोयोंबो हें चिन्ह त्या देशाच्या निशाणावर आहे. त्याचें नांव आपल्या 'स्वयंभू' शब्दावरून आलें. त्याच्या मध्यावर हीच आकृति आहे, आणि तेथें ती दोन मासे म्हणून वाचली गेली : मासा डोळे मिटत नाहीं, म्हणून राष्ट्राची जागरूकता. कोरियाच्या १८८३ मध्यें स्वीकारलेल्या निशाणांत रंग तांबडा व निळा, ठिपके नाहींत, त्रिरेखाकृति चारच. १९४७ मध्यें डेन्मार्कचे पदार्थशास्त्रज्ञ नील्स बोर यांनीं मानचिन्हासाठीं हें चिन्ह घेतलें तें परस्परपूरकतेच्या आपल्या सिद्धांताचें द्योतक म्हणून. हे सर्व अर्थ खरे आहेत. प्रत्येक आपल्या देशांत आणि आपल्या सालीं खरा आहे. बोर यांचा अर्थ फू-शीच्या तोंडीं घातला म्हणजे तो खोटा होतो.

९. निर्णय

सतराव्या शतकांतील परीक्षकांच्या कामास आम्ही वर मान दिला आहे. त्यांच्या एका समजुतीशीं मात्र आम्ही सहमत नाहीं. आकृति ताओमार्गीयांकडून आली हें दाखविलें कीं ती निरर्थक ठरली, असें त्यांस वाटे. उगम सिद्ध झाल्यानें अर्थ रद्द होत नाहीं. चौदाव्या शतकांतील ज्या कोणीं ही आकृति स्थिर केली त्यानें दीड हजार वर्षें शब्दांत अडकलेली एक गोष्ट, म्हणजे शिगेस पोंचतांच परतूं लागण्याची गति, एका रेघेंत दाखविली. हें कर्तृत्व लहान नव्हे. पण तें त्याचें आहे, फू-शीचें नव्हे. आणि खोटें प्राचीनत्व देऊन आपण त्याचें श्रेयच हिरावून घेतों.

आमच्या वाचकांपैकीं कोणाच्या संग्रहीं या चिन्हाची भांडीं, पडदे, मोहरा किंवा पोथ्या असल्यास त्यांस आमची इतकीच सूचना आहे कीं, चिन्ह हें काळाचा पुरावा धरूं नये. काळ मातीवरून, कागदावरून, अक्षरावरून ठरवावा. मग तीन गोष्टी टिपाव्या. ठिपके आहेत काय? भोंवतीं आठ आकृति आहेत काय, आणि असल्यास काळ्या-पांढऱ्याचें प्रमाण त्यांशीं जुळतें काय? वस्तूवर आकृतीचें नांव लिहिलें आहे काय, आणि असल्यास तें चित्राच्याच शाईचें आहे काय? जेथें प्रमाण जुळत नाहीं तेथें कारागिराच्या हातीं रूप आलें होतें, वाचन आलें नव्हतें, असें समजावें. आणि ही नोंद वस्तूबरोबर ठेवावी. अशा नोंदी पुष्कळ जमल्या म्हणजे, कोष्टकाचें चिन्ह कोणत्या काळीं व कोणत्या हातीं झालें, हें आज ग्रंथांवरून जेवढें सांगतां येतें त्याहून अधिक नेमकें सांगतां येईल.